शॉक बसण्याआधी खूण पाहा

गड्डा यात्रेच्या दिवसांतली गोष्ट. थंडी कडाक्याची होती. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच पूर्व भागातील एक जोडपे रिक्षातून उतरले. बाई पस्तिशीच्या आसपासची, चेहरा पांढराफटक, उजवा हात पदरात गुंडाळलेला. पहाटे बादलीत रॉड लावून पाणी तापत ठेवले होते. पाणी कितपत तापले हे पाहण्यासाठी तिने नेहमीप्रमाणे बोट बुडवले आणि हात तिथेच अडकला. नशीब एवढेच की सासूबाई जाग्या होत्या. त्यांनी सुनेला हात न लावता धावत जाऊन मेन स्विच बंद केला. मधल्या काही सेकंदांत बोट भाजले, मनगट दुखावले आणि छातीत धडधड सुरू झाली. ईसीजी काढला, दिवसभर नजरेखाली ठेवले आणि संध्याकाळी बाई पायी चालत घरी गेली. दैव बलवत्तर!

नवऱ्याने तो रॉड खोक्यासकट पिशवीत घालून आणला होता. रस्त्यावरच्या एका गाडीवरून स्वस्तात घेतलेला. मी रागावणार असे वाटून त्याने आधीच खोके पुढे केले. "डॉक्टर, आयएसआय लिहिलंय बघा की!"

लिहिले होते खरे. चांगल्या ठळक अक्षरांत लिहिले होते. पण त्या अक्षरांच्या वर नंबर नव्हता, खालीही नव्हता. वायर दोनच तारांची, पिन दोन कांड्यांची. म्हणजे अर्थिंगचा पत्ताच नाही. त्या खोक्यावर आयएसआय ही अक्षरे होती, आयएसआयची खूण नव्हती. या दोहोंतील फरक किती मोठा आहे, हे त्या बाईच्या बोटाने अनुभवले. वाचकांपैकी कोणावर तशी वेळ येऊ नये म्हणून या आठवड्यात औषधांऐवजी विजेच्या वस्तूंबद्दल बोलू. विषय वायरमनचा वाटेल, पण तो आरोग्याचाच आहे. आपल्या देशात दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे विजेच्या धक्क्याने दगावतात.

किती वीज जीव घेते?

विजेचा प्रवाह अँपिअरमध्ये मोजतात. एका अँपिअरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक मिलिअँपिअर. एवढा प्रवाह शरीरातून गेला तर फक्त मुंग्या आल्यासारखे वाटते. दहा मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू असे आखडतात की मूठ उघडता येत नाही. 'विजेने धरून ठेवले' असे आपण म्हणतो ते यालाच. खरे तर वीज धरत नाही, आपलाच हात सुटत नाही. तीस मिलिअँपिअरच्या पुढे श्वासाचे स्नायू आखडू लागतात. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेला, तर हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय नुसते थरथरत राहते, रक्त पुढे ढकलत नाही. त्यानंतर हाती असतात ती मोजकी मिनिटे.

आता घरातलाच हिशेब पाहा. रात्री आपण जो पंधरा वॅटचा झिरोचा बल्ब लावतो, तो साधारण पासष्ट मिलिअँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे झिरोचा बल्ब पेटायला जेवढी वीज लागते, तेवढी माणसाचा दिवा विझवायला पुरते!

कोरडी कातडी विजेला बराच अडथळा करते. म्हणूनच कोरड्या हाताला बसलेला झटका पुष्कळदा 'झिणझिण्या आल्या' यावर निभावतो. ओल्या हाताचा, ओल्या पायाचा अडथळा मात्र घसरून हजार ओहमच्या घरात येतो. २३० व्होल्टला हजाराने भागले की उत्तर येते २३० मिलिअँपिअर. न्हाणीघरातला शॉक आणि बैठकीच्या खोलीतला शॉक यांत हा फरक असतो.

"पण आमच्याकडे एमसीबी बसवली आहे," असे अनेकजण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणूस वाचावा म्हणून नव्हे. सोळा अँपिअरची एमसीबी सोळा हजार मिलिअँपिअरपर्यंत गप्प बसते. आपला कारभार शंभरातच आटोपतो.

खुणेमागे काय असते?

इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, म्हणजेच आयएसआय, ही संस्था ६ जानेवारी १९४७ रोजी स्थापन झाली. १९५२ च्या कायद्याने तिला वस्तूंवर प्रमाणखूण देण्याचा अधिकार मिळाला. १९८७ साली तिची जागा भारतीय मानक ब्युरोने घेतली. संस्थेचे नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी बसलेली खूण तीच ठेवण्यात आली. इस्त्री, पाण्याचा रॉड, गिझर, विजेची शेगडी, घरातली पीव्हीसी वायर आणि स्विच यांवर ही खूण असणे २००३ च्या केंद्र सरकारच्या आदेशाने बंधनकारक झाले. म्हणजे या वस्तू खुणेशिवाय विकणे हा केवळ हलका माल विकणे नव्हे, तो कायद्याचा भंग आहे. २०१६ च्या कायद्यात खुणेच्या गैरवापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद करण्यात आली.

खूण मिळवायची तर वस्तूला बऱ्याच परीक्षा द्याव्या लागतात. त्यातल्या काही ऐकण्यासारख्या आहेत. घरगुती उपकरणांच्या सुरक्षिततेचे मानक आहे आयएस ३०२. त्यानुसार उपकरणाच्या वीजवाहक भागात आणि बाहेरच्या अंगात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दाब मिनिटभर देऊन आतले आवरण फुटते का ते पाहतात. अर्थिंग असलेल्या, हातात धरून हलवता येणाऱ्या उपकरणाच्या अंगातून पाऊण मिलिअँपिअरपेक्षा जास्त वीज झिरपू नये, अशी अट आहे. मुंग्या येण्याच्याही आतला हा आकडा! अर्थच्या जोडणीचा अडथळा एका ओहमच्या दहाव्या भागापेक्षा जास्त चालत नाही. वायरला पंचवीस वेळा हिसके देऊन ती आतून निसटते का ते पाहतात. इस्त्री तर चार सेंटिमीटर उंचीवरून लोखंडी पत्र्यावर हजार वेळा आपटतात. आपणही इस्त्री करताना ती रोज आपटतच असतो, नाही का?

खूण एकदा मिळाली की काम संपले, असेही नसते. कारखान्याला स्वतःची तपासणी चालू ठेवावी लागते. ब्युरोची माणसे कारखान्यातून आणि बाजारातूनही नमुने उचलतात. माल मानकात बसला नाही तर परवाना थांबतो किंवा रद्द होतो.

गाडीवरच्या रॉडने यातली एकही परीक्षा दिलेली नसते. त्याची परीक्षा होते ती आपल्या न्हाणीघरात, आणि परीक्षार्थी आपण असतो.

खरी खूण ओळखावी कशी?

खऱ्या खुणेचे तीन भाग असतात, ते पाठ करून ठेवावेत. मध्ये आयएसआयचे चौकटीतले चिन्ह. त्याच्या डोक्यावर मानकाचा क्रमांक, म्हणजे 'आयएस' आणि पुढे आकडा. वायरीसाठी ६९४, स्विचसाठी ३८५४, घरगुती उपकरणांसाठी ३०२ च्या मालिकेतला. आणि पायाशी परवान्याचा क्रमांक, तो 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होतो. ही सारी अक्षरे इंग्रजीत असतात. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाला दाखवावीत, तो घडाघडा वाचून दाखवील. वर आकडा नाही, खाली आकडा नाही आणि मध्ये नुसतेच चिन्ह, तर ती खूण नव्हे, ते चित्र समजावे. 'आयएसआय क्वालिटी', 'आयएसआयप्रमाणे बनविलेले' असल्या शब्दांना तर काहीच किंमत नाही.

खूण खोक्यावर आहे तशी ती वस्तूवरही आहे का, हेही पाहावे. खोके बदलायला वेळ लागत नाही.

परवान्याचा आकडाही कोणी खोटा छापला तर? त्यावरही उपाय आहे. 'बीआयएस केअर' नावाचे ब्युरोचे मोबाइल ॲप मोफत मिळते. त्यात परवाना क्रमांक टाकला की परवाना कोणत्या कारखान्याचा, कोणत्या वस्तूसाठी आणि तो चालू आहे की नाही, हे समोर येते. रॉडवरचा क्रमांक टाकला आणि नाव निघाले दुसऱ्याच मालाच्या कारखान्याचे, तर समजायचे ते समजावे. तक्रारही त्याच ॲपवरून करता येते. पुण्यात ब्युरोची शाखा आहे, तिथे लेखी तक्रार पाठवता येते. ग्राहकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे.

मोबाइलचा चार्जर, पॉवर बँक, एलईडी दिवा अशा वस्तूंची पद्धत थोडी निराळी आहे. २०१२ च्या आदेशापासून त्यांच्यासाठी नोंदणीची योजना आली. त्यांच्यावर ब्युरोच्या चिन्हाबरोबर मानकाचा क्रमांक आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो.

आणखी दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. काही दुकानदार 'सीई' ही अक्षरे दाखवून 'एक्स्पोर्टचा माल आहे' असे सांगतात. ती युरोपातल्या बाजाराची खूण आहे. बऱ्याच वस्तूंवर ती कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर लावतो. आपल्याकडे ती आयएसआयच्या जागी चालत नाही. दुसरे, फ्रिज-एसीवरचे तारे. तारे वीज किती वाचते ते सांगतात, जीव किती वाचतो ते नव्हे. पाच तारे म्हणजे सुरक्षित, असे कोणी समजू नये.

आपल्या सोलापूरची दुखणी

प्रत्येक गावाची जशी आपली दुखणी असतात, तशी विजेच्या बाबतीत सोलापूरचीही आहेत.

पहिले दुखणे पाण्याचे. काही दिवसांआड येणाऱ्या नळाची सोलापूरकरांना वर्षानुवर्षांची सवय. पाणी आले की गल्लीत एकच धावपळ उडते आणि घराघरांतून टिल्लू मोटारी निघतात. नळाला मोटार लावणे नियमात बसत नाही, हा भाग वेगळा. पण ओली फरशी, अनवाणी पाय, लोखंडी अंगाची मोटार आणि दोन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली वायर, यापेक्षा वाईट योग दुसरा नाही. मोटार चालू असताना तिला सरळ करायला हात घालणारे पुष्कळ आहेत.

दुसरे दुखणे उन्हाळ्याचे. मार्च उजाडला की पत्र्याचे कूलर माळ्यावरून खाली येतात. पत्र्याचे अंग, आत पाणी, पाण्यात पंप! असा कूलर बहुधा गावातच जोडून घेतलेला असतो, त्यामुळे अख्ख्या कूलरवर खूण सापडत नाही. अशा वेळी निदान आतली वायर आणि स्विच खुणेचे घ्यावेत, पंप चांगल्या कंपनीचा घ्यावा आणि पत्र्याला अर्थची तार जोडून घ्यावी. पाणी भरताना पिन काढावी. कूलरशी खेळायला जाणाऱ्या लहान मुलांवर लक्ष ठेवावे.

तिसरे दुखणे कारखान्यांचे. घर आणि यंत्रमाग एकाच छताखाली असण्याची आपली जुनी रीत. सूत, टॉवेल, चादरी हा सारा पेट घेणारा माल. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या कुटुंबातील माणसांसह आठ जण दगावले. प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किटचा वर्तवण्यात आला होता. ते दुःख गाव विसरलेले नाही. अशा आगीत माणसे बहुधा भाजण्याआधी धुराने बेशुद्ध होतात. म्हणून जिथे कापूस आणि सूत आहे, तिथे वायर खुणेची आणि भाराला पुरेल इतकी जाड असायलाच हवी. माग वाढवले, पण वायरिंग वडिलांच्या काळातले, असे असेल तर आजच वायरमनला बोलवावे.

खूण अर्धे काम करते, अर्थिंग उरलेले

खुणेचा रॉड आणला आणि तो दोन कांड्यांच्या पिनेवर लावला, तर केलेला खर्च पाण्यात. तिसरी, जाड आणि लांब कांडी उगाच नसते. ती अर्थची. लांब असल्याने ती सर्वांत आधी जोडली जाते आणि सर्वांत शेवटी सुटते. उपकरणाच्या अंगात वीज उतरलीच तर ती आपल्या शरीरातून न जाता या वाटेने जमिनीत जावी, हा तिचा हेतू. ही कांडी तोडून पिन दोन भोकांत बसवणे म्हणजे आपले शरीर अर्थिंगला देणे होय. दुरुस्तीच्या वेळी अर्थची तार 'कशाला हवी' म्हणून कापून टाकणारे कारागीर आहेत. समोर उभे राहून ती जोडून घ्यावी.

आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की त्याचा उपयोग कमी होतो. अंगणातल्या तुळशीला पाणी घालताना एप्रिल-मे महिन्यांत तांब्याभर पाणी त्या खड्ड्यातही घालावे. वर्षातून एकदा वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे.

शक्य असेल त्यांनी घरात तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांत तीस मिलिअँपिअरचा फरक पडला की ती क्षणार्धात पुरवठा तोडते. खऱ्या अर्थाने माणसासाठी असलेले यंत्र तेच. तिच्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

आणखी एक हिशेब. दीड हजार वॅटचा रॉड साडेसहा अँपिअर वीज ओढतो. त्याला सहा अँपिअरच्या लहान पिनेवर किंवा पट्टीच्या बोर्डवर लावले की पिन तापते, प्लास्टिक काळे पडते, वास येतो. रॉड, गिझर, इस्त्री यांना सोळा अँपिअरचे मोठे सॉकेटच द्यावे.

शॉक बसलाच तर

प्रथम मेन स्विच बंद करा. त्या माणसाला हात लावू नका. जीव तुटतो, आई धावते, आणि एका जागी दोघे जातात. आपल्या गोष्टीतल्या सासूबाईंनी जे केले तेच शहाणपणाचे. मेन सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने त्याला वायरीपासून दूर करा, आपण कोरड्या जागी उभे राहून. रस्त्यावरची तुटलेली तार असेल तर जवळही जाऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा.

माणूस सुटल्यावर हाक मारा, श्वास पाहा. प्रतिसाद नाही, श्वास नाही, तर १०८ ला फोन करायला एकाला सांगा आणि दुसऱ्याने लगेच छाती दाबायला सुरुवात करा. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपर ताठ ठेवून, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, निदान दोन इंच खोल दाबायचे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे नाही. शॉक बसलेल्या माणसाला मातीत किंवा वाळूत पुरून ठेवण्याची खुळी समजूत अजून काही ठिकाणी आहे. त्याने वीज उतरत नाही, फक्त मोलाची मिनिटे जातात.

भाजलेल्या जागी वीस मिनिटे नळाचे गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, हळद काहीही लावू नये. विजेची जखम वरून चण्याएवढी दिसते, आत मात्र स्नायू खोलवर भाजलेले असू शकतात. त्याचा परिणाम मूत्रपिंडावर होतो. शॉकनंतर लघवी गडद, चहासारखी झाली, छातीत धडधड किंवा दुखणे सुरू झाले, चक्कर आली, काही क्षण शुद्ध हरपली किंवा बाई गरोदर असेल, तर 'आता बरे वाटते' म्हणून घरी बसू नये. ईसीजी काढून घ्यावाच.

लक्षात ठेवा

१. रॉड बादलीत टाकल्यावर मगच स्विच चालू करा. बोट बुडवण्याआधी स्विच बंद करून पिनही काढा. बादली प्लास्टिकची वापरा, धातूची नको.

२. वस्तू घेताना आयएसआयचे चिन्ह, वरचा आकडा आणि खालचा आकडा, तिन्ही पाहा. पक्के बिल घ्या. बिल नसेल तर तक्रारीला पाय राहत नाहीत.

३. अंगाला बारीक झिणझिण्या देणारी वस्तू 'चालतंय की' म्हणून वापरू नका. ती पहिली सूचना असते. दुसरी मिळेलच असे नाही.

४. खुणेची वस्तूही जुनी झाली, वायर कडक होऊन तडकली, रॉडला भोक पडले, तर खूण तिला वाचवू शकत नाही. तिला निरोप द्या. भंगारात टाकताना वायर कापून टाका, म्हणजे दुसरे कोणी वापरणार नाही.

५. मेन स्विच कुठे आहे आणि तो कसा बंद करायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून नातवापर्यंत, आज संध्याकाळीच दाखवा.

त्या जोडप्याने पुढच्या आठवड्यात नवा रॉड आणला आणि घरी नेण्याआधी मुद्दाम मला दाखवायला आले. या वेळी नवऱ्याने खोके पुढे केले नाही. बाईनेच भाजलेल्या बोटावरची पट्टी सांभाळत रॉड उलटा केला आणि आधी वरचा आकडा दाखवला, मग खालचा. औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहायला आपण शिकलो, तसेच हे शिकायचे आहे. औषध निदान दिवसातून तीनदा घ्यायचे असते. वीज चोवीस तास घरात असते.